झाडे दरडी थांबवतात का? एका वाक्याचा इतिहास

‘झाडांची मुळे माती धरून ठेवतात, म्हणून जंगल असलेल्या डोंगरावर दरडी कोसळत नाहीत.’ हे वाक्य आपण सर्वांनी शिकलेले आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांनी शिकवलेलेही आहे. परीक्षेत त्याला दोन गुण मिळतात. एका प्रशिक्षण वर्गात भूगोलाच्या एका शिक्षकांनी आम्हाला सांगितले, की हे वाक्य फळ्यावर लिहिल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, पण वायनाडची दरड जंगलातूनच सुटली होती ना?” सरांकडे उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर आमच्याकडेही ते तयार नव्हते.

मुलीचे म्हणणे बरोबर होते. ३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळमधील वायनाड जिल्ह्यात जी दरड सुटली, तिचा उगम डोंगरावर उंच, जंगलाच्या भागात होता. खाली ओढ्याच्या काठाने वसलेली मुंडक्कई आणि चूरलमला ही गावे तिच्या वाटेत आली आणि अडीचशेहून अधिक माणसे गेली. त्याच्या बरोबर दहा वर्षे आधी, ३० जुलै २०१४ ला, पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गाव गाडले गेले होते. तिथे १५१ माणसे दगावली. माळीणनंतर ‘झाडे तोडली म्हणून हे झाले’ असे सगळीकडे लिहून आले. वायनाडला मात्र जिथून दरड सुटली तिथे झाडे उभी होती. मग आपले ते दोन गुणांचे वाक्य खरे की खोटे?

याचे उत्तर हवे असेल तर हे वाक्य आले कुठून, हे आधी पाहायला हवे.

जपानमध्ये क्योतो-ओसाका परिसरातून योदो नावाची नदी वाहते. तिच्या वरच्या अंगाला, बिवा सरोवराच्या दक्षिणेस तानाकामी नावाचे ग्रॅनाइटचे डोंगर आहेत. जुन्या राजधान्या आणि नारा येथील मंदिरे बांधण्यासाठी या डोंगरांवरचे लाकूड शतकानुशतके नेले गेले. मोठी झाडे संपल्यावर लोकांनी सरपणासाठी झुडपे तोडली, आणि झुडपेही संपल्यावर चक्क मुळे खणून काढायला सुरुवात केली. पाइनच्या मुळांत राळ भरपूर असते, त्यामुळे ती दिवटीसारखी जळतात. अशा रीतीने डोंगर उघडे झाले आणि पावसाबरोबर वाळू नदीत येऊ लागली.

१६६६ मध्ये तोकुगावा राजवटीने या भागासाठी एक हुकूम काढला. त्यात तीनच गोष्टी होत्या: गवताची आणि झाडांची मुळे यापुढे कोणी खणू नयेत; वरच्या ओढ्यांच्या दोन्ही बाजूंना जिथे झाडे नसतील तिथे रोपे लावावीत; आणि नदीच्या पात्रात नवी शेते काढू नयेत, डोंगरात जंगल जाळून शेती करू नये. आम्हाला यातला पहिला मुद्दा फार मोलाचा वाटतो. झाड तोडणे वेगळे आणि मूळ उपटणे वेगळे, हे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्यांना स्पष्ट दिसले होते. अर्थात त्यांची काळजी नदीत येणाऱ्या गाळाची होती. डोंगराचा तुकडा सुटून गाव गाडले जाण्याची भीती त्या हुकमामागे नव्हती. हा फरक ध्यानात ठेवावा, पुढे तो कामाला येईल.

युरोपात हाच विचार फ्रान्सच्या आल्प्स पर्वतात पुढे आला. अलेक्झांडर सुरेल हा रस्ते आणि पूल बांधणाऱ्या सरकारी खात्यातला तरुण इंजिनिअर होता. डोंगरी ओढे दरवर्षी त्याचे रस्ते दगडमातीखाली पुरत. हे ओढे कुठे जन्मतात याचा शोध घेत तो चढून गेला आणि १८४१ मध्ये त्याने त्यावर एक ग्रंथच लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते: जंगल असेल तिथे असे ओढे तयार होत नाहीत, जंगल तोडले की ते तयार होतात आणि पुन्हा जंगल वाढवले की ते शांत होतात. १८५६ मध्ये फ्रान्समधल्या मोठ्या नद्यांना महापूर आले, आणि सुरेलचे लिखाण राज्यकर्त्यांच्या एकदम कामी आले. १८६० मध्ये डोंगरांवर झाडे लावण्याचा कायदा झाला.

कायद्याचा बोजा पडला तो मेंढपाळांवर. ज्या कुरणांवर त्यांच्या मेंढ्या चरत, तीच सरकारने झाडांसाठी घेतली. गावोगावी विरोध झाला. १८६४ मध्ये सरकारला नमते घेऊन ‘झाडांऐवजी गवत लावले तरी चालेल’ अशी सवलत द्यावी लागली, आणि १८८२ मध्ये सगळा कायदाच नव्याने लिहावा लागला. पुढच्या काळात तिथले डोंगर हिरवे झाले खरे. पण त्याच काळात डोंगरातली माणसे मोठ्या संख्येने शहरांकडे गेली आणि चराई आपोआप घटली. हिरवाईचे श्रेय कायद्याला किती आणि ओस पडलेल्या गावांना किती, हे ठरवणे सोपे नाही.

या फ्रेंच कथेचा आपल्याशी थेट संबंध आहे. १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे वीस वर्षे हिंदुस्थानच्या वनखात्यात येणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांपैकी अनेकांचे शिक्षण फ्रान्समधील नान्सी येथील वनविद्यालयात होत असे. सुरेलचा सिद्धान्त त्यांच्या दप्तरातून इथे आला, आणि पुढे आपल्या पाठ्यपुस्तकातही उतरला असावा असा आमचा कयास आहे.

आता नैनितालला येऊ. १८८० च्या सप्टेंबरमध्ये, गुरुवार १६ तारखेला तिथे पाऊस सुरू झाला तो थांबेना. शुक्रवार आणि शनिवार मिळून ३३ इंच, म्हणजे सुमारे ८४० मिलिमीटर पाऊस पडला. शनिवारी सकाळी तलावाच्या उत्तरेकडील उतारावरून एक लहान दरड व्हिक्टोरिया हॉटेलच्या आवारात आली आणि काही माणसे गाडली गेली. त्यांना काढण्यासाठी सैनिक, अधिकारी आणि मजूर तिथे जमले. दुपारी, हे काम चालू असतानाच, त्या वरचा सगळा उतार सुटला. हॉटेल, नैनादेवीचे देऊळ, एक दुकान आणि तलावाकाठचे सभागृह हे सगळे काही क्षणांत गेले. १५१ माणसे मेली, त्यांत १०८ हिंदी आणि ४३ युरोपीय होते. माळीणचा आकडाही १५१ च आहे. हा निव्वळ योगायोग आहे, पण एकदा वाचल्यावर तो विसरता येत नाही.

या दुर्घटनेचे एक वैशिष्ट्य शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावे. दरड एकदाच येते असे आपण धरून चालतो. नैनितालला पहिल्या लहान दरडीने बोलावलेली माणसे दुसऱ्या मोठ्या दरडीत गेली. त्याच उतारावर १८६० च्या दशकातही दरड पडलेली होती. उतार आधी बोलत असतो.

त्यानंतर भूशास्त्रज्ञांनी तो डोंगर तपासला. १८९७ मध्ये थॉमस हॉलंड यांनी नैनितालच्या उतारांच्या स्थैर्यावर सविस्तर अहवालही लिहिला. त्यांच्यापुढे होता ठिसूळ शेल खडक, त्याच्यावर जुन्या दरडींचा ढिगारा आणि त्यात मुरलेले पाणी. म्हणून उपाय ठरला तो पाण्याचा: सगळ्या उतारांवर पक्क्या नाल्यांचे जाळे बांधले गेले आणि पावसाचे पाणी मुरू न देता तलावात नेऊन सोडले. त्यांतले कित्येक नाले आजही तिथे पाहायला मिळतात.

म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन वेगवेगळ्या समजुती शेजारी शेजारी नांदत होत्या. वनाधिकारी म्हणे, झाडे लावा. इंजिनिअर आणि भूशास्त्रज्ञ म्हणत, पाणी काढा. दोघेही आपापल्या अनुभवावरून बोलत होते. परंतु मुळाची ताकद किती आणि पाण्याचा परिणाम किती, हे कोणीच मोजलेले नव्हते.

पाण्याचे गणित आधी सुटले. कार्ल तेरझागी या ऑस्ट्रियन इंजिनिअरने १९२५ च्या सुमारास मातीचे यंत्रशास्त्र मांडले. ‘पाण्यामुळे माती निसरडी होते आणि घसरते’ असे आपण म्हणतो. तेरझागीने दाखवले की तेल घातल्यावर बिजागर सैल व्हावे तसे हे नसते. विहिरीतून बादली काढताना ती पाण्यात असेपर्यंत हलकी वाटते, तसेच मातीचे कण पाण्याने भरलेल्या थरात उचलले जातात. कणांचा एकमेकांवरचा दाब घटतो, आणि दाब घटला की घर्षणही घटते. मातीला खाली ओढणारे वजन मात्र कमी होत नाही. उलट पाण्यामुळे वाढते.

मुळांचे गणित सुटायला आणखी पन्नास वर्षे लागली. ते सुटले अलास्कामध्ये. तिथल्या प्रिन्स ऑफ वेल्स बेटावर मेबेसो नावाचे खोरे आहे. १९५३ पासून तिथे सलग तोड सुरू झाली. तोडीनंतर लगेच फारसे काही घडले नाही. १९६१ च्या शरद ऋतूतल्या मोठ्या पावसात मात्र उतारावर जागोजागी दरडी पडल्या. १९६४ मध्ये बिशप आणि स्टीव्हन्स यांनी या दरडींची मोजदाद प्रसिद्ध केली. प्रश्न असा होता की तोडीनंतर इतकी वर्षे उतार टिकला कसा? याचे उत्तर जमिनीखाली होते. झाड तोडले तरी मुळे लगेच कुजत नाहीत. ती काही वर्षे जमिनीत तशीच राहतात आणि माती धरून ठेवतात. मग ती कुजू लागतात. नवी झाडे वाढून त्यांची मुळे पुरेशी जाड व्हायला मात्र वेळ लागतो. जुनी मुळे गेली आहेत आणि नवी आलेली नाहीत, अशी काही वर्षांची पोकळी तयार होते. त्या पोकळीत मोठा पाऊस आला की उतार सुटतो.

१९७९ मध्ये त्याच बेटावर काम करणाऱ्या तिएन वू, मॅकिनेल आणि स्वॉनस्टन यांनी मुळांची ताकद आकड्यात मांडली. तिथल्या स्प्रूस आणि हेमलॉकच्या जंगलात मुळांमुळे मातीला दर चौरस मीटरला साधारण ६०० किलो वजनाइतके जादा बल मिळते, असे त्यांना आढळले. एवढ्याने काय होते? एक हिशोब करून पाहू. दहावीच्या मुलांना तो जमेल.

३० अंशांचा उतार घ्या. खडकावर मातीचा १ मीटर जाड थर आहे. माती ओलसर असताना तिच्या एका घनमीटरचे वजन १७०० किलो धरू. उताराच्या दिशेने तिला ओढणारे बल दर चौरस मीटरला सुमारे ७३५ किलो येते. घर्षणाचा कोन ३५ अंश धरला तर रोखणारे बल सुमारे ८९० किलो. उतार टिकला. आता पाऊस पडून थर पृष्ठभागापर्यंत पाण्याने भरला. घनमीटरचे वजन २००० किलो झाले आणि ओढणारे बल ८७० किलोवर गेले. पाण्याने उचलल्यामुळे रोखणारे बल मात्र ५२५ वर आले. तूट पडली ३४५ किलोची. उघड्या उताराला ही तूट भरून काढता येत नाही. मुळांचे ६०० किलो मिळाले तर उतार टिकतो, वर शिल्लकही राहते. (झाडाच्या वजनाने उतार कोसळेल का, असे मुले विचारतात. घनदाट जंगलातही झाडांचे वजन दर चौरस मीटरला काही दशक किलोच भरते. दोन टन मातीपुढे ते किरकोळ आहे.)

आता तोच हिशोब ४ मीटर जाडीच्या थरासाठी करा. ओढणारे बल ३४६४ किलो, रोखणारे २१०० किलो, तूट साडेतेराशे किलोंहून अधिक. मुळांनी आपले ६०० किलो पूर्ण दिले तरी ते पुरत नाहीत. शिवाय बहुतेक झाडांची बहुतेक मुळे वरच्या एक-दोन मीटरांतच असतात, त्यामुळे चार मीटर खाली ती पोचतच नाहीत. अशा वेळी उतार झाडांसकट सरकतो. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर या दोन हिशोबांत आहे.

न्यूझीलंडने याचा एक मोठा प्रयोगच करून दाखवला, अर्थात न ठरवता. तिथल्या उत्तर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर गोऱ्या वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जंगल साफ करून मेंढ्यांची कुरणे केली. डोंगर मऊ खडकाचे. काही दशकांतच ते जागोजागी सोलून निघाले. १९६० पासून सरकारने मंगाटू येथे पाइनची लागवड सुरू केली. मार्च १९८८ मध्ये ‘बोला’ चक्रीवादळ आले आणि काही ठिकाणी चार दिवसांत ९०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. शेजारी शेजारी असलेल्या उतारांवर कुठे कुरण होते, कुठे जुने जंगल, कुठे लहान पाइन, कुठे मोठे पाइन. आणि सगळ्यांवर पाऊस तोच. अभ्यासकांनी दरडी मोजल्या. जुन्या जंगलात आणि आठ वर्षांवरील पाइनमध्ये नुकसान कुरणांच्या तुलनेत सोळा पटींनी कमी होते. सहा वर्षांखालचे पाइन मात्र कुरणासारखेच निकामी ठरले. रोपे लावल्याचा फोटो छापून येतो तेव्हा या सहा वर्षांची आठवण ठेवावी.

ही गोष्ट इथे संपत नाही. ते पाइन वाढले, तोडणीला आले आणि साधारण तीस वर्षांच्या आत तोडले गेले. अलास्कातली पोकळी इथेही उघडली. शिवाय तोडीनंतर उतारावर टाकून दिलेले ओंडके आणि फांद्याही होत्या. फेब्रुवारी २०२३ मधल्या ‘गॅब्रिएल’ चक्रीवादळात हा कचरा दरडींबरोबर खाली आला, पुलांना जाऊन थडकला आणि समुद्रकिनारे त्याने भरून गेले. डोंगर वाचवण्यासाठी लावलेली झाडे एक पीक झाली होती.

याच्या उलट उदाहरण व्हर्जिनियाचे. अमेरिकेतील नेल्सन परगण्यात १९ ऑगस्ट १९६९ च्या रात्री ‘कॅमिल’ वादळाच्या शेपटाने सुमारे आठ तासांत ७०० मिलिमीटर पाऊस ओतला. उतारांवर चांगले जंगल होते. तरीही दरडी शेकड्यांनी सुटल्या आणि सव्वाशेच्या आसपास माणसे मेली. एवढा पाऊस एवढ्या थोड्या वेळात आला की पातळ थरही पूर्ण भरतो आणि खडकातून वर दाबाने पाणी येते. मुळांची शिल्लक संपते.

हिमालयात या प्रश्नाला माणसांचे चेहरे आहेत. जुलै १९७० मध्ये अलकनंदेला महापूर आला. चंडीप्रसाद भट्ट आणि त्यांच्या दशोली ग्राम स्वराज्य संघाच्या कार्यकर्त्यांनी पूरग्रस्त गावांत फिरून वरच्या जंगलतोडीशी त्याचा संबंध जोडला. त्यातून १९७३ मध्ये चिपको आंदोलन उभे राहिले. मार्च १९७४ मध्ये रैणी गावात गौरादेवी आणि गावातल्या बायकांनी ठेकेदाराच्या माणसांना झाडे तोडू दिली नाहीत. त्याच रैणीजवळ ७ फेब्रुवारी २०२१ रोजी ऋषिगंगेतून दगड, बर्फ आणि चिखलाचा लोंढा आला आणि दोनशेहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. हा कडा सुटला होता सुमारे ५६०० मीटर उंचीवरून, जिथे झाड उगवतच नाही. आणि तेव्हा पाऊसही नव्हता. यावरून चिपकोच्या बायका चुकल्या, असे कोणी म्हटले तर ते अडाणीपणाचे होईल. त्यांनी वाचवलेले उतार वेगळे आणि हा कडा वेगळा.

आता आपला सह्याद्री. इथे बेसॉल्टचे थर कुजून मुरूम आणि तांबडी माती झालेली आहे. कुठे ती हातभर आहे, कुठे कित्येक मीटर. तिच्याखाली घट्ट खडक, त्यामुळे मुरलेले पाणी त्या सांध्यावर साठते. माळीणनंतर बराच वाद झाला. उतारावर पडकईची, म्हणजे भातखाचरे काढण्याची, कामे यंत्रांनी झाली म्हणून दरड आली, असे काहींनी म्हटले. हातांनी सावकाश काढलेले खाचर आणि यंत्राने एका दिवसात कापलेला उतार यांत फरक आहे, हे आम्हाला पटते. कापलेल्या उताराचा पाया जातो आणि सपाट केलेल्या जागी पाणी जास्त मुरते. पण सगळा दोष शेतकऱ्याच्या खाचरावर टाकायलाही आम्ही तयार नाही. फ्रान्समध्ये तो मेंढपाळावर टाकला गेला होता. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये, जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. प्रत्येक ठिकाणी मातीची जाडी, उतार, पाण्याच्या वाटा आणि झाडे यांचा हिशोब स्वतंत्रपणे मांडावा लागतो.

त्या मुलीला फळ्यावरचे वाक्य असे बदलून देता येईल: ‘मातीचा थर पातळ असेल आणि मुळे खालच्या खडकापर्यंत पोचत असतील, तर झाडांमुळे दरडी खूप कमी होतात, थर जाड असेल किंवा पाऊस अतोनात असेल तर झाडे असूनही दरड येते.’ वाक्य लांब झाले. परीक्षेत ते दोन ओळींत मावणार नाही.

एक उपक्रम सुचवतो. पावसाळा संपून माती वाळल्यावर, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, जवळच्या एखाद्या कमी रहदारीच्या रस्त्यावर किंवा कालव्यावर जिथे टेकडी कापलेली असेल तिथे मुलांना न्या. कापलेल्या कडेखाली उभे न राहता थोड्या अंतरावरून पाहा. सोबत मीटरची खूण केलेली काठी ठेवा. मातीचा थर किती जाड आहे, मुरूम कुठे सुरू होतो, खडक कुठे लागतो आणि कुठल्या झाडाची मुळे कुठवर गेली आहेत, याचे चित्र वहीत काढायला सांगा. आंबा, साग, करवंदाची जाळी, गवत अशी वेगवेगळी मुळे एकाच कापात दिसली तर उत्तम. मुळे जिथे संपतात आणि खडक जिथे सुरू होतो, त्या दोहोंमधले अंतर मुलांनी स्वतः मोजावे.